पुरणयंत्र, मरोळ नाका ते घाटकोपर

होळीच्या सकाळी वहिनीचा फोन येतो
आणि "कसे आहात"च्या आधी ती विचारते,
"यंत्र आणताय ना?"

यंत्र पितळेचं, कुंदाच्या माहेरचं.
लाकडी मुठीला तिच्या तळव्याचा आकार आलाय,
माझा हात त्यात नीट बसत नाही.
वर्षभर ते माझ्या ओट्याखाली असतं
गेल्या होळीच्या वर्तमानपत्रात.
उघडलं की आधी शिळ्या बातम्या निघतात,
मग जायफळाचा वास.
इतकं घासूनही.

मरोळ नाक्याला पिशवी पट्ट्यावरून आत गेली
आणि पट्टा थांबला.
पडद्यावर काळं, गोल, भोकाभोकांचं काहीतरी,
त्याला एक वाकडा दांडा.
"काका, बाजूला या."
मागे रांग तटली. एका पोरानं
कानातलं काढून माझ्याकडे नीट पाहिलं.
मी तिथंच उकिडवा बसून सुतळी सोडली.
गणवेशातली मुलगी वाकली, छातीवर पट्टी: गवई.
"अगं बाई, हे तं पुरनाचं हाये!"
वाशीमची. तीन होळ्या इथंच ड्यूटीवर.
तिनं मूठ एकदा फिरवून पाहिली,
रिकामं यंत्र कुरकुरलं.
"आमची माय पाट्यावरच वाटते अजून,"
एवढं बोलून ती पुढच्या बॅगेकडे वळली.

असल्फ्याच्या टेकडीवर
कुणाच्या तरी पत्र्यावर पांढरे ठिपके वाळत होते.
कुरडया असतील. किंवा मोजे.
गाडी ठरवू देत नाही.

पंतनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
डाळ शिजलेली, गूळ विरलेला,
मला स्टूल आणि काम तयार:
"तुम्ही फिरवा भावोजी, मी घालते."
"गरम असतानाच वाटायचं, थंड झालं की अडतं,"
हे वाक्य कुंदाचं. दरवर्षी मी ते मोठ्यानं म्हणतो,
दरवर्षी वहिनी हूं म्हणते,
जणू पहिल्यांदाच ऐकतेय.

दादा डॉक्टरला स्मरून अर्धीच पोळी घेतो.
अशा चार अर्ध्या.
ऋजुताचा नवरा कानपूरचा;
पहिल्या वर्षी कटाच्या आमटीला म्हणाला होता,
"डाळ जरा पातळ झालीय."
आता तिसरी वाटी मागतो, वर भुरकतो.

तूप संपलं.
"वरच्या फळीवर नवी बरणी आहे," वहिनी पोळपाटावरून म्हणाली.
मी उठलो.
बरणीच्या मागे एक खोकं होतं.
स्टीलचं पुरणयंत्र, सोबत दोन जाळ्या,
वरचं प्लास्टिक न फाडलेलं,
किमतीच्या चिठ्ठीवर दोन-तीन वर्षांची धूळ.
मी बरणी काढली.
खोकं पुन्हा मागे सारलं,
होतं त्याहून जरा आत.
"सापडलं का?"
"सापडलं," म्हणालो,
आणि सगळ्यांना जास्तच तूप वाढलं.
दादा ओरडला. वहिनी बोलली नाही,
तिची पोळी तव्यावर फुगत होती.

रात्री घाटकोपरच्या पडद्यावर
यंत्र पुन्हा काळं दिसलं, शेजारच्या डब्यातल्या पोळ्या नारिंगी.
तिथल्या शिपायानं नुसतं जा म्हटलं.
मरोळला उतरून मी उलट्या बाजूनं
तपासणीच्या टेबलापाशी गेलो.
गवईची ड्यूटी दुपारीच संपली होती.
खुर्चीत एक मिशीवाला, पेंगुळलेला.
मी वेगळ्या बांधलेल्या दोन पोळ्या पुढे केल्या.
"ड्यूटीवर असलं घेता येत नाही, काका."
मग इकडंतिकडं पाहून, "बरं, त्या खणात ठेवा.
कुणी दिलं म्हणून सांगू?"

नाव तिला कुठं माहीत होतं.
"सांगा," म्हणालो,
"यंत्र वेळेत पोचलं."